सवलत कुणाची?

मालेगावात शुक्रवारी यंत्रमाग बंद असतात. जुम्म्याला मशिदी भरतात आणि सफेच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या दिसतात. त्यांवर म्हातारेच बसतात असं नाही. चाळिशीतले माग चालवणारेही असतात. बारा-बारा तास मागांमध्ये उभं राहायचं, कांडी संपली की बदलायची, धागा तुटला की वाकून सांधायचा. उभ्यानं कमरेचे स्नायू थकतात, वाकण्यानं मणक्यांमधल्या चकत्यांवर भार येतो. मग रुकूत गेलेल्या माणसाला सरळ होता येत नाही.

शरीयतनं त्याला सवलत दिली आहे. उभं राहवत नसेल तर बसून, तेही जमत नसेल तर कुशीवर पडून नमाज अदा करावी, असं पैगंबरसाहेबांनी इम्रान बिन हुसैन यांना सांगितलं होतं. म्हणजे अल्लाहनं आपल्यासमोर उभं राहणंही माफ केलं. कारखानदार ते माफ करत नाही. मशिदीला खुर्च्या देणाऱ्यांत तोही असतो (आणि मनापासून देतो, हे नाकारू नये), पण त्याच्या मागाशेजारी साधं स्टूल नसतं. १९४८च्या कारखाने कायद्यात उभ्यानं काम करणाऱ्यांसाठी बसण्याची सोय सांगितली होती. ती कागदावर राहिली.

मालक म्हणतो, स्टूल ठेवलं तरी बसणार कोण? त्यात तथ्य आहे. मजुरी मीटरवर, माग थांबला की पैसे थांबले. तेव्हा प्रश्न स्टुलाचा नाहीच, दराचा आहे. ज्या दरात दहा मिनिटं टेकणं परवडत नाही, तो दर देणारा आणि घेणारा जुम्म्याला एकाच सफेत असतात. एक उभा, एक खुर्चीवर.