बाज उचलणारे चौघे

मार्ककृत शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायांत एका पक्षघाती मनुष्याची हकीगत आली आहे. कफर्णहूम गांवीं प्रभु येशू एका घरांत उपदेश करीत होता. चौघा जणांनीं त्या पंगु मनुष्यास बाजेवर घालून तेथें आणिलें. परंतु दाराशीं इतकी दाटी झाली होती कीं, आंत शिरावयास वाट मिळेना. तेव्हां ते छपरावर चढले, त्यांनीं छप्पर उसकटलें आणि बाज खालीं सोडिली. प्रभूनें प्रथम पाहिला तो या आणणाऱ्यांचा विश्वास. बाजेवरच्या मनुष्यानें तोपर्यंत तोंडांतून एक शब्दही काढल्याचें लिहिलेलें नाहीं.

या हकिगतींत दोन प्रकारचे लोक आढळतात: बाज उचलणारे आणि दार अडविणारे. दार अडविणारे दुष्ट होते असें नाहीं. ते वचन ऐकावयास आलेले भाविक लोक होते. फक्त बाहेर पडलेल्या मनुष्याकडे त्यांची पाठ होती. आपल्या गांवांत जो मनुष्य दारूनें पंगु झाला आहे, त्याच्या घराकडे आपलें तोंड आहे कीं पाठ, हा प्रश्न आम्ही आज मंडळीपुढें ठेवीत आहों.

हा प्रश्न लहान नाहीं. केंद्र सरकारच्या वतीनें दिल्लीच्या एम्स संस्थेनें केलेली देशव्यापी पाहणी २०१९ सालीं प्रसिद्ध झाली. देशांत सुमारें १६ कोटी लोक दारू पितात, आणि त्यांपैकीं साडेपांच कोटींहून अधिक लोकांस तिच्या दुष्परिणामांमुळें मदतीची गरज आहे, असें तींत आढळलें. जे दारूच्या पूर्ण अंकित झाले होते, अशा ३८ जणांमागें एकालाच कांहीं उपचार मिळाला होता. बाकीचे सदतीस दाराबाहेर बाजेवर पडून आहेत; आणि प्रत्येकाच्या उशापायथ्याशीं एक बायको, एक म्हातारी आई, दोनचार मुलें बसलेलीं आहेत.

कोणी विचारील, दारूबाजी हें पाप कीं रोग? पहिला प्याला मनुष्य आपल्या हातानें उचलतो, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु वर्षानुवर्षें पिणाऱ्याचें शरीर व मेंदू दारूला असे सरावतात कीं, पुढें प्याला त्या मनुष्यास उचलतो. त्या अवस्थेंत शिव्याशापांनीं तो सुटत नाहीं. तो लपून पिऊं लागतो, इतकेंच. पक्षघाती मनुष्यास प्रभूनें पापक्षमाही दिली आणि पायांत बळही दिलें. आपणही दोहोंपैकीं एक निवडण्याच्या वादांत वेळ दवडूं नये. बाजेला चार कोपरे आहेत. प्रत्येक कोपऱ्याला एकेक हात लागला पाहिजे.

पहिला कोपरा शरीराचा, आणि तो वैद्याच्या हातीं द्यावयाचा आहे. पुष्कळ ठिकाणीं असें घडतें कीं, सभेंत मन द्रवून मनुष्य शपथ घेतो आणि त्या रात्रीपासून दारू एकदम बंद करितो. त्याचा हेतु उत्तम असतो. पण जो अनेक वर्षें रोज पुष्कळ पीत आला आहे, त्याच्या जिवावर हें बेतूं शकतें. कांहीं तासांतच हात थरथरूं लागतात, घाम सुटतो, झोंप उडते; पहिल्या दोन दिवसांत फेफऱ्यासारखे झटके येऊं शकतात; आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम होऊन नसतीं माणसें दिसूं लागतात. याला कोणी भूतबाधा म्हणतो, कोणी ढोंग म्हणतो. हा दारू तुटल्याचा आजार आहे, आणि योग्य औषधांनीं तो आटोक्यांत येतो. म्हणून शपथ घेणाऱ्यास आधीं सरकारी दवाखान्यांत न्यावें. झटका आला किंवा भ्रम झाला तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. तसेंच दारू सोडविण्याचें औषध नवऱ्याच्या नकळत जेवणांत कालवावें, असा सल्ला देणारे भेटतात. तें कधींही करूं नये. त्यांतील कांहीं औषधें अशीं आहेत कीं, वर दारू पोटांत गेल्यास मनुष्य मरणाच्या दारीं जातो.

दुसरा कोपरा घराचा. राम गणेश गडकरी यांचें ‘एकच प्याला’ हें नाटक १९१९ सालीं रंगभूमीवर आलें, आणि तेव्हांपासून महाराष्ट्र सिंधूसाठीं रडत आला आहे. तिनें दळण दळून संसार रेटला, मार खाल्ला, मूल गमावलें, आणि शेवटीं स्वतः गेली. रडून झाल्यावर आपण काय शिकलों? पुष्कळांनीं तर एवढेंच शिकून घेतलें कीं, बायकोनें असेंच सोसावें. आम्ही स्पष्ट सांगतों कीं, मुकाट्यानें मार खाणें हा पत्नीधर्म नाहीं. जिच्या अंगावर हात पडतो तिला व मुलांना त्या रात्रीं एक उघडें दार हवें असतें. आणि तें दार कोणतें, हें मंडळींतील दोन घरांनीं आधींच ठरवून तिला सांगून ठेविलेलें असावें. स्त्रियांच्या संरक्षणासाठीं २००५ सालचा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा आहे. स्त्रियांना १८१ आणि मुलांना १०९८ या क्रमांकांवर मदत मागतां येते. पाळकांनीं हे क्रमांक उपासनामंदिराच्या फळ्यावर लिहावेत. घरीं परत जा आणि प्रार्थना कर, एवढेंच सांगून कोणा भगिनीस अंधारांत पाठवूं नये.

शेतकऱ्याच्या घरीं आणखी एक गोष्ट तातडीनें करावयाची आहे. नशेच्या भरांत, अथवा नशा उतरल्यावरच्या उदासींत, मनुष्य हाताशीं असलेलें कीटकनाशक पिऊन बसतो. तें औषध घरांत उघडें न ठेवितां कुलुपांत किंवा शेजाऱ्याकडे ठेवावें. किल्ली कोणाकडे आहे या एका गोष्टीवर कधीं कधीं सबंध घर उभें राहतें किंवा कोसळतें.

तिसरा कोपरा, जो त्याच दुःखांतून गेला आहे त्याचा. १९३५ सालीं अमेरिकेंत अॅक्रन गांवीं दोघे दारुडे, एक दलाल व एक डॉक्टर, एकमेकांपाशीं मन मोकळें करीत दारूपासून दूर राहूं लागले. त्यांतून अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस ही संगत निर्माण झाली. तिच्या बैठकांना फी नाहीं; पिणें थांबवावें अशी इच्छा एवढेंच प्रवेशपत्र. पुढें १९५१ मध्यें त्यांच्या घरच्या माणसांसाठीं अल-अॅनॉन सुरू झालें. कारण पिणारा एक असला, तरी आजारी सारें घर पडतें. पुण्यास डॉ. अनिता अवचट यांनीं १९८६ सालीं मुक्तांगण व्यसनमुक्ति केंद्र सुरू केलें; तेथेंही व्यसनांतून बाहेर पडलेलीं माणसें दुसऱ्यांच्या सेवेला लागलेलीं दिसतात. आपल्या तालुक्यांत अशी बैठक कोठें भरते, याची चौकशी १४४४६ या सरकारी व्यसनमुक्ति क्रमांकावर करावी. आणि मंडळींत कोणी दारू सोडून वर्षें झालेला भाऊ असेल, तर त्याचा भूतकाळ उगाळूं नये. त्यालाच त्या बाजेकडे पाठवावें. तो ज्या शब्दांत बोलेल, ते शब्द आपल्यापाशीं नाहींत.

चौथा कोपरा मंडळीचा. येथें एक आक्षेप येतो. जो अजून पीत आहे त्याची काळजी घेणें म्हणजे त्याच्या पिण्याला उत्तेजन देणें नव्हे काय? यावर आम्ही चांगल्या शोमरोन्याकडे बोट दाखवितों. वाटेवर पडलेल्या मनुष्यास, तूं या धोक्याच्या रस्त्यानें कां आलास, असें त्यानें विचारिलें नाहीं. त्यानें आधीं रक्त थांबविलें. पिणें सुटणें हेंच आपलें ध्येय. पण तें सुटेपर्यंत मनुष्य जिवंत राहिला पाहिजे आणि त्याचें घर उभें राहिलें पाहिजे. म्हणून प्यालेल्या मनुष्यास मोटारसायकल चालवूं देऊं नये. बाजाराच्या दिवशीं एकानें त्याच्याबरोबर घरापर्यंत चालावें. तो बेशुद्ध पडल्यास उताणा न ठेवितां कुशीवर निजवावा, म्हणजे वांतीनें श्वास कोंडणार नाहीं. हांक मारून जागा होत नसेल, तर दवाखान्यांत न्यावा. त्याला वेळेवर जेवूं घालावें, कारण उपाशीपोटीं दारू अधिक घात करिते. तो शुद्धीवर असतांना त्याच्याच संमतीनें मजुरी बायकोच्या बँकखात्यांत जाईल अशी व्यवस्था करावी. चोरट्या दारूचें भय त्याला नीट समजावून द्यावें. २०१५ च्या जून महिन्यांत मुंबईंत मालवणी येथें मिथेनॉल मिसळलेल्या दारूनें शंभराहून अधिक माणसें मेलीं. असें विष कांहीं तासांनीं अंगांत भिनतें. म्हणून दारू प्याल्यावर दुसऱ्या दिवशीं जरी पोट दुखूं लागलें, वांत्या झाल्या किंवा डोळ्यांपुढें धुकें आलें, तरी क्षणभरही न थांबतां इस्पितळ गांठावें.

मंडळीनें आपल्या चालीरीतींकडेही पाहावें. लग्नाच्या व नाताळाच्या मेजवानींत, “एवढ्यानें काय होतें?” असें म्हणून सोडलेल्या मनुष्यापुढें पेला धरणारा मनुष्य मित्र नव्हे. प्रभुभोजनाच्या पेल्यांत न आंबविलेला द्राक्षरस असावा. याच हेतूनें अमेरिकेंत टॉमस वेल्च या मेथॉडिस्ट गृहस्थानें १८६९ सालीं असा रस टिकविण्याची युक्ति काढिली. पेल्याचा वास आला म्हणून एकही भाऊ त्या मेजापासून दूर राहूं नये.

दुकानाचाही विचार केला पाहिजे. पुण्यांतील वाढत्या दारूच्या दुकानांविरुद्ध जोतीराव फुले यांनीं १८८० सालींच नगरपालिकेस लिहिलें होतें. गडचिरोली जिल्ह्यांत लोकांच्या चळवळीनें १९९३ सालीं दारूबंदी झाली. तरीही तेथें २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ या उपक्रमानें गांवोगांवच्या संघटनेबरोबर तालुक्याच्या ठिकाणीं व्यसनोपचार उभा केला. यावरून दिसतें कीं, दुकान मिटलें तरी तहान उरते. गुत्ता बंद करणारे हात आणि बाज उचलणारे हात, दोन्ही लागतात.

शेवटीं एक गोष्ट ध्यानांत ठेवा. सोडलेला मनुष्य पुन्हां पडेल. पुष्कळ जण एकदां तरी पडतात. त्या दिवशीं, “आम्हांला ठाऊकच होतें,” हें वाक्य कोणाच्याही तोंडून निघूं नये. शोमरोन्यानें उतारशाळेच्या मालकास पैसे दिले, आणि अधिक खर्च लागल्यास परत येतांना तोही देण्याचें वचन दिलें. दया एका भेटींत संपत नाहीं, हें त्याला कळलें होतें.

तर या आठवड्यांत प्रत्येक मंडळीनें एक घर निवडावें. चौघे जण ठरवावेत: एक दवाखान्यांत बरोबर जाणारा, एक बायकामुलांची खबर घेणारी, एक त्याच वाटेनें परत आलेला सोबती, आणि एक दर रविवारीं त्याच्यासाठीं बांकावर जागा राखणारा. दारांत दाटी असेल, शेजारी हंसतील, छप्परही उसकटावें लागेल. कफर्णहूमच्या त्या घरधन्याचें छप्पर त्या दिवशीं मोडलें, पण प्रभूनें त्याबद्दल कोणासही दोष दिल्याचें लिहिलेलें नाहीं. तो आपणां सर्वांस बाज उचलण्याचें बळ देवो. आमेन.