कुलूप आणि प्रमाण

घरास कुलूप घालून प्रवासास निघालेला मनुष्य मोठा प्रेक्षणीय असतो. तो कुलूप ओढून पाहतो, दोन पायऱ्या उतरतो आणि परत येऊन पुन्हा ओढतो. आम्हीही याच पंथातले. आमचा नेम तीनदा ओढण्याचा, तरी गल्लीच्या कोपऱ्यावर "लागले ना हो नक्की?" हा प्रश्न उद्भवतोच, आणि आमच्या कुटुंबाच्या संयमाची परीक्षा सुरू होते.

या व्याधीस शास्त्राधार आहे, असे आमचे त्यांस सांगणे असते. अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रहा'त यथार्थ अनुभवासच प्रमा म्हटले आहे. स्मृतीचे पान त्या पंगतीत मांडलेले नाही. कुलूप ओढताना होता तो अनुभव; कोपऱ्यावर उरते ती नुसती स्मृती! शिवाय हात ओढीत असता मन गाडीच्या वेळेत गुंतलेले. मग तो अनुभव तरी कितपत आमचा? देकार्तनेही 1641 साली संशयापासून आरंभ करणारा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. मात्र त्यास गाडी गाठावयाची नव्हती.

वास्तविक घरात चोराने न्यावे असे आहे तरी काय? आमची पुस्तके उचलण्याइतका व्यासंगी चोर आळीत अद्याप अवतरलेला नाही. पण कुलपाच्या बाबतीत प्रत्यक्षावाचून न हलणारी आम्ही मंडळी परिचितांच्या शीलाविषयी ऐकीव गोष्टीवर निर्धास्त असतो. ते मत कोणी एकदाही ओढून पाहत नाही. पुण्याहून सुटलेल्या गाडीत लोणावळा येण्यापूर्वी अशा निदान चार गृहस्थांचा निकाल लागतो. कर्जतला सर्वांस पुन्हा कुलपाची आठवण होते.