चूक ठरवायची कोणी?

वीस वर्षांपूर्वी इथे एम. एस. करताना एका छोट्या यंत्राबद्दल शिकलो होतो. १९६० च्या सुमारास स्टॅनफर्ड विद्यापीठात प्रा. बर्नार्ड विड्रो आणि त्यांचे विद्यार्थी टेड हॉफ यांनी केलेलं 'अ‍ॅडलाइन' म्हणजे एकच कृत्रिम मज्जापेशी! सोळा स्विचेस वरखाली करून अक्षराचा आकार मांडायचा, काटा उत्तर दाखवणार. काटा चुकीच्या जागी गेला, की हाताने बटणं थोडी थोडी फिरवायची. असं पुन्हा पुन्हा केलं की यंत्र 'शिके'.

त्याच काळात बफेलोमध्ये फ्रँक रोझेनब्लाट यांचा 'पर्सेप्ट्रॉन' चारशे प्रकाशसंवेदी घटकांनी आकृत्या ओळखायला शिकत होता. तिथे बटणं फिरवायला मोटारी होत्या. पर्सेप्ट्रॉनमध्ये उत्तर चुकलं तरच बदल होई. विड्रो-हॉफ यांच्या नियमात मात्र उत्तर बरोबर असलं, तरी काटा नेमक्या जागेपासून जितका दूर तितकी दुरुस्ती. पण दोन्हीकडे एक गोष्ट सारखीच. बरोबर काय, हे यंत्राला ठाऊक नसे. ते शिकवणारा माणूस ठरवी.

हे सगळं मला परवा आठवलं ते माझ्या मुलीमुळे. ती फोनवर म्हणाली, "आजी, मी तुला खूप मिस करते." मी मागून लगेच म्हणालो, "आठवण येते, म्हण!" तिने काही न बोलता फोन माझ्या हातात दिला आणि खोलीत निघून गेली.

आजीला तिचं बोलणं पोचलं होतं. चूक फक्त मला दिसली. आणि माझ्याकडची उत्तरपत्रिका तरी कुठली? वीस वर्षांपूर्वी बॅगेत भरून आणलेली! पुण्यातली माझी भाचरंसुद्धा आता तशी बोलत नाहीत.

दुरुस्तीवाचून कोणी शिकत नाही, हे खरंच. पण यंत्र रुसत नाही, गप्प होत नाही, मूल होतं. म्हणून चूक दाखवणाऱ्याची जबाबदारी शिकणाऱ्यापेक्षा मोठी, असं मला वाटतं. आजच्या अब्जावधी आकड्यांच्या यंत्रांनाही हेच लागू आहे. त्यांना बरोबर-चूक सांगणारे आपणच.

हल्ली मुलगी काही बोलली, की मी आधी त्याचं उत्तर देतो. शब्द नंतर. कधी कधी तीच विचारते, "बाबा, हे बरोबर बोलले का मी?"