थकलेल्या जिवाची निगा

परदेशात अनेक घरांत ठिपक्यांची पाल पाळतात. नीट निगा राखली तर ती पंधरा-वीस वर्षं जगते. आजारपणात तिची कात पुरती सुटत नाही. बोटाला चिकटून राहिलेली कात आवळत जाते आणि बोट गळूनही पडतं. मग रोज कोमट ओल्या फडक्यावर तिला ठेवायचं, वरचेवर वजन करायचं. पालीसाठी एवढं? आपल्याला हसू येईल. आपण तर पाल दिसली की झाडू शोधतो.

पण कामातून गेलेला जीव सांभाळणं वऱ्हाडाला नवं नाही. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी १८७६ मध्ये जन्मलेल्या गाडगेबाबांनी मूर्तिजापूरला गोरक्षण उभं केलं. मुक्या प्राण्यांना अभय द्या, हे त्यांच्या दशसूत्रीतच आहे. अभय म्हणजे नुसतं न मारणं नव्हे, असं मला वाटतं. ते फार स्वस्तात झालं असतं!

मुकं जनावर दुखणं लपवतं. ते कळतं खाण्यावरून, शेणावरून, उठताना लागणाऱ्या वेळावरून. दात झिजलेल्या बैलाला अख्खा कडबा चावत नाही. त्याला कुट्टी करून द्यावी लागते, सरकीची ढेप भिजवून द्यावी लागते, आणि तो सावकाश खात असेल तर तरण्या बैलापासून वेगळा बांधावा लागतो.