पावती कुणाच्या नावावर?

गिरगाव, लालबाग किंवा डोंगरीतल्या एखाद्या जुन्या इमारतीतली खोली विकायची गोष्ट निघाली की पहिला प्रश्न एकच असतो: पावती कुणाच्या नावावर आहे? ही पावती म्हणजे तळहाताएवढा कागद. वर घरमालकाचे किंवा ट्रस्टचे नाव, खाली खोली क्रमांक, महिना आणि भाड्याची रक्कम, जी त्याच नाक्यावरच्या दोन वडापावांच्या आणि चहाच्या हिशेबात बसावी. नाव बहुतेकदा आजोबांचे असते. आजोबा जाऊन तीस वर्षे झाली तरी ते बदललेले नसते, कारण बदलायला मालकाची मर्जी लागते. रेशनकार्डाच्या पिशवीत जपून ठेवलेला हा कागद दाखवला तर खोली आपली, हरवला तर आयुष्यभराचा घोर.

मराठीत पावतीचा आणखी एक उपयोग आहे. खर्च आपला आणि भुर्दंड दुसऱ्याच्या माथी, याला पावती दुसऱ्याच्या नावावर फाडणे म्हणतात. मुंबईत सामान्य माणसाला परवडणारे घर मिळावे, हा विचार गेली सव्वाशे वर्षे चालू आहे आणि तो या दोन पावत्यांच्या मधे सापडतो. संरक्षण कुणाला द्यायचे हे सरकारने अनेकदा ठरवले. त्याचे पैसे कोण भरणार, हे ठरवताना मात्र बहुतेक वेळा दुसऱ्याच्याच खिशाकडे बोट दाखवले.

सुरुवात घराच्या हक्कापासून झालीच नाही. ती रोगाच्या भीतीने झाली. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, माणसे शहर सोडून पळू लागली, गिरण्या ओस पडायची वेळ आली. १८९८ मध्ये मुंबई सुधार ट्रस्ट, म्हणजे लोकांच्या तोंडी बीआयटी, स्थापन झाला. दाट वस्त्या पाडायच्या, रुंद रस्ते काढायचे, उजेड-वारा आत आणायचा, हे त्याचे काम. गरिबाकडे पाहण्याची नजर संसर्गाचा वाहक अशीच होती. तरीही या ट्रस्टने काही चाळी बांधल्या आणि त्यांपैकी परळच्या चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर वीसेक वर्षे राहिले. सार्वजनिक पैशातून बांधलेल्या दोन साध्या खोल्यांमधून काय उभे राहू शकते, याचा याहून मोठा दाखला मुंबईला शोधावा लागत नाही.

भाडेकरू म्हणून माणसाला संरक्षण द्यावे, ही कल्पना पहिल्या महायुद्धाने आणली. १९१५ मध्ये स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात युद्धसामग्रीच्या कारखान्यांमुळे कामगारांची गर्दी झाली आणि मालकांनी भाडी चढवली. पुरुष आघाडीवर किंवा कारखान्यात, म्हणून लढा बायकांनी उभारला. मेरी बार्बर यांच्या पुढाकाराने त्यांनी भाडे द्यायचेच नाकारले, घर रिकामे करायला येणाऱ्यांना दारातून परतवले. वर्ष संपायच्या आत ब्रिटिश संसदेने भाडी गोठवणारा कायदा केला. तीनच वर्षांनी, १९१८ मध्ये, तोच विचार मुंबईत कायदा होऊन उतरला. दोन्हीकडे समज एकच होती: हे युद्धापुरते आहे.

युद्धानंतर मुंबई सरकारने, एकदाच का होईना, स्वतः बांधायचे ठरवले. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात १९२० साली विकास खाते, म्हणजे बीडीडी, निघाले. शहरात येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया जकात बसवून ५० हजार खोल्या बांधायच्या, असा बेत होता. प्रत्यक्षात साडेसोळा हजारांच्या आसपास झाल्या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे मिळून २०७ बीडीडी चाळी, प्रत्येकीत ८० खोल्या, खोली साधारण १६० चौरस फुटांची. गंमत म्हणजे कामगारांसाठी बांधलेल्या या खोल्या कामगारांना परवडेनात. भाडे जास्त, वरळी तेव्हा लांब, आणि सिमेंटच्या त्या कोरड्या खोल्यांत पाण्याची-उजेडाची आबाळ. कित्येक चाळी वर्षानुवर्षे रिकाम्या राहिल्या. १९३० च्या सविनय कायदेभंगात सरकारने वरळीच्या चाळींत सत्याग्रहींना कोंडले. घर म्हणून नाही तरी तुरुंग म्हणून त्या भरल्या!

या अनुभवातून खरे तर एक धडा घेता आला असता: नुसती घरे बांधून भागत नाही, भाडे पगाराला पेलले पाहिजे, आणि मधली तफावत सरकारने सोसली पाहिजे. घेतला गेला तो उलटाच. बांधकामातून सरकारने हात आखडता घेतला आणि तफावत सोसण्याचे काम घरमालकावर सोपवले.

१९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा त्या काळाला शोभणारा होता, हे मान्य करावे लागते. दुसरे महायुद्ध नुकतेच संपलेले, फाळणीमुळे निर्वासितांचे लोंढे येत असलेले, घरांची टंचाई भयंकर. अशा वेळी मालकाच्या लहरीवर लाखो कुटुंबे सोडून देणे कोणत्याही लोकनियुक्त सरकारला शक्य नव्हते. कायद्याने १ सप्टेंबर १९४० चे भाडे प्रमाण धरले आणि खास कारणाशिवाय भाडेकरूला काढता येणार नाही, अशी व्यवस्था केली. कायदा तात्पुरता होता. त्याला मुदतवाढ मिळत गेली, आणि १९४० चे भाडे नव्वदच्या दशकापर्यंत जवळपास तिथेच उभे राहिले.

गोठवलेल्या किमतीखालून बाजार आपली वाट काढतोच. ती वाट म्हणजे पागडी. खोली घेताना मालकाला रोख मोठी रक्कम, पुढे नाममात्र भाडे, आणि खोली दुसऱ्याला देताना आलेल्या पागडीत मालकाचा साधारण तिसरा हिस्सा. कायद्याने हे निषिद्ध होते. व्यवहारात मात्र शहराच्या निम्म्या जुन्या भागाची मालकी याच बेकायदा रिवाजावर ठरत होती. पागडी देणारा ना पुरता भाडेकरू, ना पुरता मालक. त्याच्या हाती असायची ती फक्त पावती.

दुरुस्ती कोण करणार, हा प्रश्न राहिलाच. वीस रुपये भाडे घेणारा मालक गळके छप्पर दुरुस्त करीना आणि भाडेकरू म्हणे, इमारत काय माझी आहे? १९६९ च्या कायद्याने मग दुरुस्ती मंडळ आणि उपकर आणला. तेव्हा शहरात अशा १९ हजारांहून अधिक इमारती मोजल्या गेल्या. टेकू आले, जिने लाकडी वाशांवर पेलले गेले. तरीही पावसाळा आला की धोकादायक इमारतींची यादी निघतच राहिली. ३१ ऑगस्ट २०१७ ला भेंडीबाजारातली शंभरी उलटलेली हुसैनी इमारत सकाळी कोसळली आणि तीसहून अधिक माणसे गेली.

१९९७ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की एकेकाळी न्याय्य असलेले हे गोठलेले भाडे काळाच्या ओघात अवाजवी आणि मनमानी ठरले आहे. त्यानंतर आलेला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याने पागडीला कायदेशीर केले आणि भाड्यात वर्षाला चार टक्के वाढ दिली. वीस रुपयांवर चार टक्के म्हणजे ऐंशी पैसे. कर आणि उपकर बाजूला ठेवले तर पंचवीस वर्षांनी ते भाडे जेमतेम ५३ रुपये होते. पाया न बदलता टक्केवारी लावल्यावर दुसरे काय होणार?

खर्च टाळण्याची दुसरी युक्ती १९९५ नंतर आली. झोपडीधारकाला फुकट घर, बिल्डरला जास्तीचा एफएसआय म्हणजे जादा बांधकामाची मुभा, सरकारला खर्च शून्य. कागदावर बिनतोड वाटणाऱ्या या हिशेबात घरे तिथेच उठली जिथे विक्रीचा भाव चांगला होता. गिरण्यांच्या जमिनींचेही तेच झाले. मध्य मुंबईतल्या सुमारे ६०० एकर जमिनीपैकी साधारण एक तृतीयांश वाटा सार्वजनिक घरबांधणीसाठी, असा १९९१ च्या नियमाचा रोख होता. २००१ च्या बदलाने वाटणी फक्त मोकळ्या जमिनीपुरती उरली. नियमातल्या काही शब्दांनी कामगारांच्या वाट्याची जमीन आटली, आणि २००६ मध्ये न्यायालयानेही हा बदल उचलून धरला.

या सगळ्यात आजचा भाडेकरू कुठे आहे? तो कायद्याच्या भाषेत भाडेकरूच नाही. ठाण्यात, पुण्यात किंवा कांदिवलीत वन बीएचके घेणाऱ्या कुणाचाही करार उघडून पाहावा. त्यावर 'लिव्ह अँड लायसन्स' असते, 'भाडेकरू' हा शब्द जाणूनबुजून टाळलेला असतो आणि तिथे 'परवानाधारक' बसवलेला असतो. ही परवानगी मूळची १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यातली, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर काही करण्यापुरती दिलेली मोकळीक. शेताच्या बांधावरून जाऊ देण्याच्या जातीचा हक्क आणि त्याच्या आधाराने मुलांच्या शाळा, आईबापांची दवाखान्याची फेरी, नोकरीची वेळ. १९७३ मध्ये सरकारने तेव्हाच्या परवानाधारकांना एका फटक्यात भाडेकरूचा दर्जा दिला होता. मालकांनी त्याचा धसका घेतला तो आजही गेलेला नाही. महाराष्ट्रात अकरा महिन्यांच्या कराराचीही नोंदणी सक्तीची आहे, म्हणजे अकरा या आकड्याने इथे काही वाचत नाही. तरी तो आकडा लोकांच्या जिभेवरून हलत नाही, आणि दर अकरा महिन्यांनी टेम्पो, ब्रोकरेज, नवे डिपॉझिट हे चक्र फिरते. एकट्या मुलीला, मुसलमान कुटुंबाला 'सोसायटीला चालत नाही' एवढ्या तीन शब्दांत परत पाठवता येते.

म्हणजे एकाच शहरात दोन भाडेकरू आहेत. एकाचे संरक्षण १९४० मध्ये थिजलेले, दुसऱ्याला संरक्षणच नाही. केंद्राच्या २०१७-१८ च्या आर्थिक पाहणीत याचा परिणाम आकड्यांत दिसतो. १९६१ मध्ये भारतातल्या शहरांत ५४ टक्के कुटुंबे भाड्याने राहत होती, २०११ मध्ये २८ टक्के. २०११ च्याच जनगणनेत एकट्या मुंबईत सुमारे ४ लाख ८० हजार घरे रिकामी होती.

घरमालकांचे म्हणणे खोटे नाही. भाडे कायमचे गोठवले की घरे बाजारातून आटतात, हे मुंबईने सिद्धच केले आहे. पण म्हणून सगळे बाजारावर सोडा, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही, कारण वरळीच्या रिकाम्या चाळींनी दुसरी बाजूही दाखवली आहे: भाडे पगाराला पेलले नाही तर बांधलेली घरेही ओस पडतात. २०२१ मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरार कायद्यात काही कामाच्या गोष्टी आहेत: राहत्या घरासाठी दोन महिन्यांपेक्षा जास्त डिपॉझिट नाही, वाद मिटवायला वेगळे भाडे न्यायालय, पाणी-वीज तोडायला बंदी, घरात येण्याआधी चोवीस तासांची सूचना. घर हा राज्याचा विषय असल्याने हे स्वीकारणे विधिमंडळाच्या हाती आहे. मात्र ते जसेच्या तसे उचलून जुन्या पागडीवाल्यांना उघड्यावर टाकता येणार नाही. वृद्ध आणि कमी उत्पन्नाच्या कुटुंबांचे संरक्षण टिकवायचे, तर तफावत या वेळी मालकाऐवजी अर्थसंकल्पातून यायला हवी. नव्या करारांना किमान तीन वर्षांची हमी, भाडेवाढ महागाईशी बांधलेली, आणि सरकारी जमिनीवर विक्रीसाठी नव्हे तर कायम भाड्यासाठी राखलेली घरे, एवढे तरी आमदारांनी मांडावे.

मे २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या गृहनिर्माण धोरणात नोकरदार महिला आणि विद्यार्थ्यांसाठी भाड्याच्या घरांचा उल्लेख आहे. ऑगस्टमध्ये वरळीच्या बीडीडी चाळीतल्या ५५६ कुटुंबांना पाचशे चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. शंभर वर्षांपूर्वी सरकारी पैशाने बांधलेल्या खोल्यांची ही परिणती आहे. सरकार पैसे घालते तेव्हा काहीतरी टिकते. फक्त ती सारी घरे आता मालकीची झाली, भाड्याची एकही नवी खोली त्यातून उरली नाही.

मुंबईतल्या आमदारांना हा विषय अगदीच परका नसावा. नरिमन पॉइंटचे मनोरा आमदार निवास धोकादायक ठरून पाडले गेले, तेव्हा तिथल्या लोकप्रतिनिधींना भाड्याच्या घरांसाठी दरमहा सरकारी तिजोरीतून रक्कम देण्याची सोय झाली. इमारत गेली, राहायला जागा हवी, भाडे परवडत नाही आणि तफावत सरकार भरते. त्या पावतीवर नाव कुणाचे लिहायचे, याबद्दल तेव्हा सभागृहाला फार वेळ विचार करावा लागला नव्हता.