तोंडचं पाणी

मे महिन्यात चंद्रपूरच्या मूल तालुक्यातल्या एका लग्नात पंगतीला माझ्या शेजारी एक भाऊ बसले होते. पन्नाशीचे असतील. वाढप्याने भातावर वरण ओतलं तर म्हणाले, "अजून टाक जी, पातळच पाहिजे." भाताचं पार तळं झालं. मग एक घास आणि एक घोट पाणी, पुन्हा घास, पुन्हा घोट. पुरी कडेला तशीच. मला वाटलं, दात पडले असतील. त्यांनीच सांगितलं, गालाचा कॅन्सर होता, नागपूरला तेहतीस शेक झाले. "गाठ गेली जी. पण थुकाच बनत नाई."

कॅन्सरचं नाव काढलं की माणसाच्या तोंडचं पाणी पळतं. शेक, म्हणजे रेडिएशन, घेतल्यावर ते खरोखरच पळतं. लाळेच्या मोठ्या ग्रंथी कानापुढे, जबड्याखाली आणि जिभेखाली असतात. गालाचा, जिभेचा शेक सहा-सात आठवडे चालतो, त्यात त्याही भाजून निघतात. लाळ आधी घट्ट, तार धरणारी होते, मग आटते. धडधाकट माणसाला दिवसाकाठी अर्धा ते दीड लिटर लाळ सुटते, हे कुणाच्या गावीही नसतं. शेकानंतर कुणाची वर्षभरात थोडी परत येते, कुणाची कायमचीच कमी राहते.

आपल्या भाषेने तरी लाळेला कुठे मान दिला? लाळघोट्या ही शिवी, लाळ गाळणं ही लाचारी. घास भिजवणं, चव जिभेवर आणणं, दातांवरचं आंबट धुऊन नेणं, ही सगळी तिचीच चाकरी. ती गेली की भात गळ्यात अडकतो, मिरची जाळ करते, आणि रात्री पंख्याखाली तोंड उघडं राहिलं की जीभ टाळूला चिकटते. त्यात उन्हाळ्यात चंद्रपूरचा पारा सत्तेचाळीसपर्यंत चढतो.

आणि या लाळेचं आपण आधी काय करत होतो? पन्नीवर घोटलेला तंबाखू-सुपारीचा खर्रा गालात धरून एसटी स्टँडच्या कोपऱ्यात थुंकत होतो. राज्यात 2012 साली गुटख्यावर बंदी आली, पण पानठेल्यावरचा खर्रा काही थांबला नाही. गडचिरोलीत 'सर्च' संस्थेच्या पुढाकाराने चालणारं 'मुक्तिपथ' अभियान 2016 पासून दारूबरोबर या तंबाखूशीही झुंजतं आहे. मला काळजी वाटते ती मात्र बरं होऊन घरी आलेल्या माणसाची. तोंड कोरडं, रिकामं. हात जुन्या सवयीने खिशाकडे जातो. सोबतचा मायेने म्हणतो, नुसती सुपारी चघळ, थोडं पाणी सुटेल. ही माया नको. तंबाखू नसली तरी सुपारी स्वतःच कॅन्सर करते.

पाणी सुटायला हवंच असेल तर बिनसाखरेचं च्युइंगम चघळावं. बाकी इलाज घरातलेच आहेत. बाटली कायम हाताशी, आणि घटाघटा पिण्याऐवजी घोट घोट. लिटरभर कोमट पाण्यात एक छोटा चमचा मीठ आणि एक छोटा चमचा खाण्याचा सोडा. त्याने दिवसातून चार-पाचदा चूळ भरायची आणि थुंकून टाकायची. जेवायला पेज, पातळ वरण, मऊ खिचडी. तोंड सोललेलं असेल तर ताक, लिंबू, टमाटर काही दिवस बंद. बाजारातलं झोंबणारं माउथवॉश नको, त्यातल्या अल्कोहोलने तोंड आणखी सुकतं. लाळ सुटण्याच्या गोळ्याही मिळतात, पण त्या सर्वांना चालत नाहीत. डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात. विचारायला लाजू नये. "जीव वाचला, आता कोरडीचं काय घेऊन बसलात" असं घरचे म्हणतात, त्यांनी एक दिवस पाण्याशिवाय कोरडी पुरी खाऊन पाहावी.

एक गोष्ट मात्र शेकाच्या आधीच करायची असते आणि नेमकी तीच राहून जाते. लाळ आटली की दात भराभर किडतात. शेकलेल्या जबड्यातला दात नंतर उपटला तर जखम न भरण्याची, हाडच सडण्याची भीती असते. म्हणून घरात कुणाला तोंडाचा किंवा गळ्याचा शेक सुचवला असेल, तर पहिल्या शेकाच्या आधी त्यांना दातांच्या डॉक्टरकडे न्या. काढायचे दात तेव्हाच काढून घ्या आणि जखम भरायला दोनेक आठवडे हाताशी ठेवा.