आपल्या माणसाचा हिशेब

१९८२च्या जानेवारीत बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले यांनी मुख्यमंत्रिपदाचा राजीनामा दिला, तेव्हा आमच्या कोकणातल्या मोहल्ल्यांतून एकच वाक्य ऐकू येई : 'आपल्या माणसाला काढलं.' सिमेंट, परवाने, देणग्या यांतलं आम्हाला फारसं कळत नव्हतं; आणि खरं सांगायचं तर समजून घ्यायचंही नव्हतं. साहेबांना जाऊन आता दशक उलटलं. तो 'आपला' शब्द एकदा तपासून पाहायला हरकत नाही.

सावित्रीकाठच्या आंबेत गावचा हा माणूस १९६२ साली विधानसभेत गेला, १९७६ साली राज्यसभेत आणि जून १९८० मध्ये मुख्यमंत्री झाला. महाराष्ट्राला दुसरा मुस्लिम मुख्यमंत्री अद्याप लाभलेला नाही. कारकीर्द अवघी दीड वर्षाची. तेवढ्यात संजय गांधी निराधार अनुदान योजना आली, जालना आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे झाले, औरंगाबादला उच्च न्यायालयाचं खंडपीठ बसलं, कुलाबा जिल्ह्याचं रायगड झालं. (गंमत अशी, की साहेब पुढे लोकसभेवर निवडून गेले ते कुलाबा मतदारसंघातूनच; ते नाव २००९पर्यंत टिकलं.) लंडनहून भवानी तलवार आणण्याची घोषणाही त्यांचीच. तलवार काही आली नाही.

'निष्ठा सिद्ध करायला त्यांना हे करावं लागलं,' असं काहीजण म्हणत. आम्हाला हे पटत नाही. रायगडच्या मुलखात वाढलेल्या माणसाला रायगड परका कसा वाटेल? मात्र उलट दिशेनं आम्हीही दाखला मागतच होतो : 'मुख्यमंत्री झाले, पण कौमसाठी काय केलं?' निराधारांच्या यादीतल्या विधवेला मिळणारे पैसे आम्ही त्या हिशेबात धरलेच नाहीत. तिथे धर्माचा रकाना नव्हता ना!

खरा पेच प्रतिष्ठानचा. १९८१ साली अरुण शौरी यांनी 'इंडियन एक्स्प्रेस'मधून इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठानचं प्रकरण बाहेर काढलं आणि १२ जानेवारी १९८२ रोजी न्यायमूर्ती लेंटिन यांनी सिमेंटचं वाटप आणि देणग्या यांचा संबंध असल्याचा निर्वाळा दिला. आमची सफाई ठरलेली होती : पैसा घरी नेला नाही, कलावंत-साहित्यिकांसाठीच होता. पण त्या काळी सिमेंटवर सरकारी नियंत्रण होतं. घरावर स्लॅब टाकू पाहणारा गरीब परमिटसाठी खेटे घालत होता. नाही म्हणायची सोयच नसलेल्या बिल्डरनं काढून दिलेल्या रकमेला खैरात म्हणायचं? आमच्याकडे मुलालासुद्धा शिकवतात, की आधी नियत पाहावी. ती देणाऱ्याची तर नव्हतीच. आणि घेणाऱ्याची चांगली होती असं धरलं, तरी रांगेतल्या माणसाचं सिमेंट गेलं ते गेलंच.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. खटला वर्षानुवर्षं चालला. १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठानं या प्रकरणातला आपलाच १९८४चा आदेश चुकीचा ठरवला. १९९१ साली त्यांच्याच नावच्या निकालात खटला लवकर चालण्याच्या हक्काची सूत्रं घातली गेली. आज तुरुंगात खितपत पडलेल्या कच्च्या कैद्याचा वकील त्याच निकालाचा आधार घेतो. त्या कैद्यांत आमचीही मुलं असतात, आणि इतरांचीही.

पुढे ते नरसिंह रावांच्या मंत्रिमंडळात आरोग्यमंत्री झाले, २००६ साली केंद्रात अल्पसंख्याक खात्याचे पहिले मंत्री झाले. डिसेंबर २००८ मध्ये हेमंत करकरे यांच्या मृत्यूविषयी त्यांनी शंका काढली आणि गदारोळ उठला. गृहमंत्र्यांनी सभागृहात निवेदन केल्यावर 'समाधान झालं' म्हणाले. मोहल्ल्यात पुन्हा तेच : 'आपला माणूस बोलला!' पण मंत्र्यानं शंका मंत्रिमंडळात मांडावी की बाहेर, हे आम्ही कुणीच विचारलं नाही. २००९ साली ते हरले.

आमच्यातल्या वडीलधाऱ्यांपुढे अजूनही लेंटिन यांचं नाव काढलं, की ते क्षणभर गप्प होतात. मग कुणीतरी साहेबांच्या एखाद्या जुन्या सभेची गोष्ट सुरू करतं, आणि चहा मागवला जातो.